एक वाजलेले स्क्रू

फिटरकाकांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक ओळंबा आणि दुसरा स्वतःचा हात. ओळंबा खोटं बोलत नाही, कारण त्याला तोंड नाही, आणि हात खोटं बोलत नाही, कारण तो आपला आहे, असं ते म्हणायचे. उरलेलं सगळं जग त्यांच्या लेखी संशयित होतं. दूधवाला माप भरताना गप्पा का मारतो? गिऱ्हाइकाचं लक्ष उडवायला. डॉक्टर नाडी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे का बघतात? घरी जायची वेळ झाली का ते बघायला. शेजाऱ्याने हसून "काय, बरं आहे ना?" विचारलं, की काका घरात येऊन काकूंना विचारायचे, "हा आज का हसला?"

मागच्या हिवाळ्यात तर त्यांनी गादीवाल्यालाही सोडलं नव्हतं. तो बिचारा अंगणात बसून जुना कापूस पिंजत होता आणि काका समोर स्टूल टाकून, डोळ्यांत तेल घालून बसले होते. गादी शिवून झाल्यावर त्यांनी ती चारी कोपऱ्यांना दाबून पाहिली आणि कापूस कमी झाल्याचा निकाल दिला. गादीवाल्याने शिवण उसवली, सगळा कापूस त्यांच्यापुढे ओतला, पुन्हा भरला, पुन्हा शिवला आणि जाताना कानाला खडा लावला, की हा माणूस घरात असताना या दारात पाऊल टाकायचं नाही.

संशयाला औषध नसतं म्हणतात. काकांच्या संशयाला औषध नव्हतंच, पण निदान कारण तरी होतं. तरुणपणी ते कापडाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. एकदा यंत्राच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी बसवताना वर चढलेल्या जोडीदाराने ओरडून सांगितलं, "आवळलाय!" काकांनी खालून हात काढला आणि जाळी त्यांच्या डाव्या पायावर आली. बोल्ट आवळलेला नव्हता, नुसता टेकवलेला होता. पायाची दोन बोटं गेली, आणि थंडी पडली की गेलेली बोटंसुद्धा दुखायची. तेव्हापासून काकांनी एक वाक्य धरलं: दुसऱ्याने आवळलेला बोल्ट सैलच समजावा. मुलाला त्यांनी हे पाढ्यांच्या आधी शिकवलं, आणि सून घरात आली तेव्हा तिला पहिल्याच दिवशी समोर बसवून हेच सांगितलं. ती बिचारी हे काही कोडं घालतायत का म्हणून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

वर्षभर घरात कुणाचंही राज्य असो, थंडीचे महिने काकांचे. थंडीत घराचं लाकूड आक्रसायचं. दारं चौकटीत खुळखुळायची, बिजागऱ्या कुरकुरायच्या, खिडक्यांच्या फटींतून वारा नेमका मानेवर यायचा. मग काका जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या कापून फटींत ठोकायचे, दाराखाली वाळू भरलेली कापडी वळकटी टाकायचे, नळाचे वायसर बदलायचे, बिजागऱ्यांना तेल घालायचे आणि शेवटी घरातला एकूण एक स्क्रू पुन्हा आवळायचे. त्यांच्यामागे काकू बॅटरी घेऊन उभ्या. लग्न झाल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात काकूंनी बॅटरी धरली होती आणि प्रत्येक हिवाळ्यात त्याच शिव्या खाल्ल्या होत्या. "अगं, माझ्या डोळ्यांत नको, स्क्रूवर धर!" "लक्ष कुठे आहे तुझं?" "हलवू नकोस!" काकू हात तेवढा सरळ करायच्या.

काकांची आणखी एक पद्धत होती. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरची खाच ते उभी ठेवायचे, अगदी ओळंब्यात. उभ्या खाचेत धूळ बसत नाही आणि स्क्रू जरासा हलला तरी लांबूनच कळतं, असं त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्या घरात दारापासून कपाटापर्यंत सगळ्या खाचा शाळेतल्या मुलांसारख्या ताठ उभ्या असायच्या. पाहुण्यांना काका चहाआधी हे दाखवायचे.

या वर्षी थंडी लवकर पडली. काकांनी नेहमीप्रमाणे कामाला हात घातला, पण पहिल्याच आठवड्यात पाना त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडला. काकांनी पान्यावर संशय घेतला. आजकालचं लोखंडच गुळगुळीत, म्हणाले. दोन दिवसांनी स्क्रू ड्रायव्हर निसटला, तेव्हा त्याच्या मुठीवर संशय घेतला. स्वयंपाकघरातून सून हे बघत होती. ती सहज बोलून गेली, "बाबा, या वर्षी एखादा माणूस बोलावू या का? तासाभरात सगळं करून देतात."

काका स्टुलावरून खाली उतरले. "माणूस? मग मी कोण आहे?"

"तसं नाही हो बाबा..."

"ज्या दिवशी या घरात माणूस येईल, त्या दिवशी मी कोपऱ्यात जाऊन बसेन. मग मला वेळेवर गोळ्या देत जा आणि सतरंजी झटकायला तेवढं उठवत जा."

सून शेगडीकडे वळली. पण तो 'माणूस' काकांच्या डोक्यातून जाईना. नोकरी गेली, पगार गेला, कारखानाही बंद पडला. उरलं होतं ते एवढंच, की या घरात काही मोडलं तर हाक आपल्याला मारतात. ती हाक गेली की आपण नुसते भिंतीला टेकवलेलं सामान, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच त्यांना भीती होती.

त्यानंतर चारच दिवसांनी त्यांना पहिला तिरका स्क्रू दिसला.

स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी त्यांनी स्वतः आवळली होती. खाच उभी ठेवली होती, शपथेवर. आणि आता ती उजवीकडे जराशी कलली होती. घड्याळाचा काटा एकावर असावा तशी. काकांनी चष्मा पुसून पाहिलं. एकच वाजला होता. बाजूच्या स्क्रूवरही एक. काकांच्या मनात पाल चुकचुकली. ते घरभर फिरले. न्हाणीघराच्या दाराची वरची बिजागरी, एक. कपाटाची मूठ, एक. मागच्या दाराचा अडसर, तिथेही एकच. उरलेल्या खाचा ताठ उभ्या होत्या, म्हणजे जो कोणी होता त्याला अजून सगळीकडे फिरायला वेळ मिळाला नव्हता.

म्हणजे माणूस येऊन गेला होता! त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच घरात, त्यांच्याच हत्यारांनी कुणीतरी त्यांचं काम सुधारत होतं. हत्यारांच्या पेटीत तेलाची कुपी उजव्या कप्प्याऐवजी डाव्यात होती, तेव्हा तर खात्रीच पटली. काकांनी कुणाला काही विचारलं नाही. चोराला सावध करायचं नसतं. मात्र त्या दिवसापासून मुलगा आणि सून एकमेकांशी हळू बोलू लागले की काका भिंतीला कान लावू लागले. ते दोघं बहुतेक वेळा आपल्या तान्ह्या बाळाच्या झोपेमुळे हळू बोलत होते, पण काकांना तसं कोण सांगणार? काकूंकडे तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ज्या बाईला बॅटरी सरळ धरता येत नाही, तिच्यावर संशय कसला घ्यायचा?

आणि एके दिवशी पुरावा हातात आला. सून फोनवर म्हणत होती, "हो, दुपारीच या. तेव्हा बाबा फिरायला गेलेले असतात. नाही नाही, त्यांना कळणार नाही."

घोडं कुठे पेंड खातंय ते आता कळलं, काका मनाशी म्हणाले. दुपारी त्यांनी मफलर गुंडाळला, काठी घेतली, सगळ्यांना ऐकू जाईल असं "जाऊन येतो" म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दगड बर्फासारखा गार होता. गेलेल्या बोटांनी ठणका धरला. तरी काका हलले नाहीत. थोड्या वेळाने खांद्यावर काहीतरी घेतलेला एक माणूस गल्लीत शिरला आणि त्यांच्याच घराच्या फाटकातून आत गेला. काकांनी त्याला पुरेसा वेळ दिला. मग उठले आणि फाटक ढकलून आत गेले.

अंगणात गादीवाला कापूस पिंजत बसला होता.

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. गादीवाल्याने आपलं पिंजायचं धनुष्य उचललं आणि अर्धवट गादी तशीच टाकून तो उभा राहिला. "बाईसाहेब," तो सुनेला म्हणाला, "बोली काय झाली होती आपली?"

त्याला पुन्हा खाली बसवायला सुनेला दोन कप चहा करावा लागला. "तुम्ही असलात की कुणी दारात उभं राहत नाही हो बाबा," ती रडवेली होऊन म्हणाली. "बाळाची गादी किती गार पडते माहितीये? म्हणून गुपचूप बोलावलं." दुसरा कुणी असता तर जमीन पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं असतं. काकाही ओशाळले, नाही असं नाही. पण जेवणाच्या आत त्यांचा संशय पुन्हा उठून बसला. गादीवाला स्क्रू आवळत नाही. मग स्क्रू आवळतो कोण?

त्या संध्याकाळी त्यांनी हत्यारांची पेटी आपल्या पलंगाखाली ओढली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली. आता बघू म्हणाले, माणूस नखांनी स्क्रू आवळतो का! काकूंनी कुलूप पाहिलं. "पेटीला कुलूप कशाला?" त्यांनी विचारलं. "ज्याला कळायचं त्याला कळेल," काका म्हणाले. काकूंच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, पण काकांनी ती थंडीच्या खाती टाकली.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वयंपाकघरातली कपडे वाळत घालायची दांडी हाती घेतली. थंडीत बाहेर कपडे वाळायचे नाहीत, म्हणून छताला एक लांब लाकडी दांडी टांगलेली होती, दोन टोकांना दोन लोखंडी पट्ट्या स्क्रूने बसवून. माळ्यामुळे तिथलं छत बुटकं होतं. खिडकीकडची पट्टी त्यांनी पेटीला कुलूप लावायच्या आधीच आवळली होती. आता शेगडीकडची आवळली. मान दुखेपर्यंत आवळली, खाच उभी केली, खाली उतरून लांबून पाहिली. झकास. पुढच्या काही दिवसांत त्यांनी उरलेलं अर्धं घर संपवलं. रोज सकाळी उठून नव्याने आवळलेल्या सगळ्या खाचा बघायचे. सगळ्या उभ्या. एकही नवीन एक वाजला नव्हता. कुलपाने काम केलं होतं. काका मनातल्या मनात मिशीला पीळ देत होते.

मग एका सकाळी मुलगा शेगडीजवळ बसून चहा पीत होता, वर दांडीवर चार ओल्या चादरी होत्या, आणि कसलीही सूचना न देता शेगडीकडचं टोक खाली आलं.

कप फुटला. चहा सांडला. चारही चादरी मुलाच्या अंगावर आल्या आणि त्या पांढऱ्या ढिगातून "आई गं!" असा आवाज आला. सुनेने चादरी ओढून नवऱ्याला बाहेर काढलं. कपाळावर चांगलं टेंगूळ आलं होतं. बाळ रोज सकाळी ज्या चटईवर रांगायचं, ती चटई दांडीच्या टोकाखाली पडली होती. आज बाळ अजून झोपलेलं होतं. सुनेने चटईकडे पाहिलं आणि मग काकांकडे पाहिलं. तिने चटई गुंडाळून बाजूला ठेवली, आणि त्याचंच काकांना जास्त लागलं.

मुलगा कपाळाला ओलं फडकं लावून म्हणाला, "बाबा, आता पुरे. उद्या मी माणूस घेऊन येतो."

तो कामावर गेला. काका लोंबणाऱ्या दांडीखाली उभे राहिले. पहिला विचार त्यांच्या स्वभावाला धरूनच आला: हा घातपात आहे. पण घात करणार कुणी? पेटीला कुलूप होतं, किल्ली खिशात होती. ही पट्टी कुलपानंतरची. तिला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलाच नव्हता. त्यांनी मान वळवून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. खिडकीकडची पट्टी जागच्या जागी होती. दांडीचं सगळं वजन पेलून धरलं होतं तिने. तिच्या चारही स्क्रूंवर एक वाजला होता.

काका हळूच न्हाणीघराकडे गेले. वरच्या बिजागरीवरचा तिरका स्क्रू त्यांनी ड्रायव्हर लावून फिरवून पाहिला. हलेना. खालच्या बिजागरीचा उभा स्क्रू त्यांनी हाताने चाचपला, आणि तो अंगठ्याच्या नखाने फिरला. ते कपाटाकडे गेले, मागच्या दाराकडे गेले, खिडक्यांकडे गेले. जिथे जिथे एक वाजला होता तिथे स्क्रू दगडासारखा घट्ट होता. जिथे खाच ताठ उभी, तिथे तो खुळखुळत होता. बोटांत जोर होता तेव्हा ते पिळून पिळून स्क्रू उभ्या खाचेवर आणत असत. आता खाच उभी दिसली की त्यांचा हात थांबत होता. आवळलाय, असं समजून.

ते पलंगावर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त या एकाला सोडलं होतं. काका घाबरले. जाळी पायावर आली तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते, कारण तेव्हा चूक दुसऱ्याची होती.

तरी एक प्रश्न उरलाच. तो माणूस कोण? काकांनी पेटी पलंगाखालून काढली, कुलूप उघडलं, ती नेहमीच्या जागी ठेवली. दुपारी सून बाळाला घेऊन वरच्या खोलीत गेली. काका स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आडवे झाले, रजई डोक्यावरून घेतली आणि एका बाजूला डोळ्यापुरती फट ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी घोरायलाही सुरुवात केली.

पेटीचं झाकण वाजलं. टेबल सरकवल्याचा आवाज झाला. काकांनी फटीतून पाहिलं.

काकू टेबलावर उभ्या होत्या. पदर खोचलेला, दातांत बॅटरी धरलेली, डाव्या हाताने दांडी खांद्यावर पेललेली आणि उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. काका रजई फेकून उठले.

"उतर खाली! पडशील!"

काकूंनी दातांतली बॅटरी काढली. "इतके दिवस पडले नाही ती आता पडणार आहे का? घोरत होतात तेच बरं होतं."

"तू?"

"मग कोण, गादीवाला?"

काकांनी टेबल धरलं. "कधीपासून?"

"पाना पडला तुमच्या हातातून, त्या दिवसापासून. तुम्ही फिरायला गेलात की मी फिरायचे, तुमच्या मागून. आणि मग तुम्ही पेटीलाच कुलूप घातलंत. रोज जीव मुठीत धरून या दांडीखालून बाळाला उचलत होते मी."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तुमच्या हातात जोर राहिला नाही म्हणून? सांगितलं असतं तर हातपाय गाळून बसला असतात. पुन्हा कधी ड्रायव्हर उचलला नसतात." काकू थांबल्या. मग त्यांचा स्वर जरा तिखट झाला. "आणि तुमचंच शिकवणं आहे ना, दुसऱ्याने आवळलेला बोल्ट सैलच समजावा? मला दुसरे म्हणजे तुम्हीच की."

शेवटी हरणाऱ्या माणसाला जे सुचतं तेच काकांना सुचलं. त्यांनी बारीकशी चूक काढली. "पण खाच तिरकी? इतकी वर्षं शेजारी उभी राहिलीस आणि एवढंही कळलं नाही, की खाच..."

"कळलंय. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. मुद्दाम तिरकी ठेवते. नाहीतर कुठला स्क्रू तुमचा आणि कुठला माझा, हे मला कसं कळणार? का रोज सगळं घर आवळत बसू?" त्यांनी खांद्यावरची दांडी सावरली. "आता पोलिसासारखे प्रश्न नंतर विचारा. पोरगा उद्या माणूस आणेल, त्याच्या आत हे वर लागायला हवं. माणसाला करायला काही शिल्लकच नको. घ्या ही बॅटरी."

काकांनी बॅटरी घेतली. त्या घरात ते पहिल्यांदाच बॅटरी धरत होते, आणि ते काम वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. उजेड छतावर नाचत होता.

"अहो, माझ्या डोळ्यांत नको," काकू म्हणाल्या. "स्क्रूवर धरा. आणि हलवू नका."

काकांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. उजेड थांबला. काकूंनी जुनी भोकं सोडून दोन बोटं बाजूला पट्टी लावली आणि एकेक स्क्रू आवळत नेला, ओठ दाबून, खांद्यातून जोर काढून. काका बघत होते. काय चुकतंय ते शोधत होते, सवयीने. काही सापडत नव्हतं.

शेवटच्या स्क्रूपाशी काकू थांबल्या. खाच उभी होती. त्यांनी खाली पाहिलं. "आता तुम्हाला कळलंच आहे. अजून एक पीळ देऊन उभीच ठेवते. तुमच्या पद्धतीने."

काकांनी त्या खाचेवर बॅटरी धरली. "नको," ते म्हणाले. "एक वाजू दे."

"का?"

"म्हणजे मला कळेल, हा पक्का आहे."

काकूंनी एक वाजवला आणि टेबलावरून उतरल्या. काकांचा हात आपोआप दांडीकडे गेला, ओढून बघायला. तो अर्ध्यावरच थांबला. त्यांनी बादलीतली ओली चादर उचलली, पिळली, जितकी पिळता आली तितकी, आणि दांडीवर टाकली.